बल्क डेन्सिटीने ४९ टक्के आणि सीटी स्कॅनने ९ टक्के, मातीची खरी सच्छिद्रता कोणती?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. तुम्ही १० सेंटीमीटर व्यासाचे आणि तेवढ्याच उंचीचे मातीचे कोअर, म्हणजे सिलिंडरने अखंड काढलेले नमुने, एक्स-रे सीटीमध्ये स्कॅन केलेत, व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय इमेजचा सगळ्यात लहान ठोकळा, ६० मायक्रॉनचा होता, इमेज थ्रेशोल्ड केल्यावर, म्हणजे ठरावीक छटेपेक्षा काळं ते पोकळी आणि उजळ ते घन असं वेगळं केल्यावर, सच्छिद्रता आली ९ टक्के. शेजारीच काढलेल्या कोअरची बल्क डेन्सिटी, म्हणजे कोरड्या मातीचं वजन भागिले पोकळीसकट आकारमान, १.३५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आली, त्यावरून हिशोब केला तर ४९ टक्के. वर तुमच्या लॅबमधल्या दुसऱ्या एकाने त्याच इमेजवर काम केलं तर त्याला १२ टक्के मिळाले. आता स्कॅनर खराब आहे, सॉफ्टवेअर खराब आहे की ही पद्धतच खोटी आहे असा प्रश्न पडलाय, आणि हॉस्पिटलचा सीटी वापरला असता तर बरं झालं असतं का हेही विचारलंय.

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ४९ आणि ९ मधला फरक ही चूकच नाहीये, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ९ आणि १२ मधला फरक मात्र खरा प्रॉब्लेम आहे आणि तो स्कॅनरचा नाही, त्यानंतरच्या कामाचा आहे. हॉस्पिटलच्या सीटीचं शेवटी बघू.

४९ टक्के कुठून आले? १.३५ भागिले २.६५, ते १ मधून वजा. २.६५ ही खनिज मातीच्या कणांची नेहमी धरली जाणारी घनता, सेंद्रिय पदार्थ जास्त असेल तर ती खाली येते, लोहाची खनिजं जास्त असतील तर वर जाते, पण साधारण चालतं. या हिशोबात मातीतली प्रत्येक पोकळी मोजली जाते, गांडुळाचं बीळही आणि चिकणमातीच्या दोन पापुद्र्यांमधली फटही. १५०० किलोपास्कल ताणालासुद्धा, म्हणजे पाणी ओढून काढायला तेवढा जोर लावला तरी, पाणी धरून ठेवतात ती रंध्रं ०.२ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात, ती सगळी या ४९ मध्ये आली.

सीटीला यातलं किती दिसणार ते डिटेक्टर ठरवतो. साधारण २००० पिक्सेल रुंदीच्या डिटेक्टरवर १० सेंटीमीटरचा कोअर पूर्ण बसवायचा म्हटलं की एका व्हॉक्सेलच्या वाट्याला ५० मायक्रॉन येतात, थोडी जागा बाजूला सोडली की ६०, म्हणजे तुमचा आकडा अगदी अपेक्षित आहे. आणि एका व्हॉक्सेलएवढं रंध्र दिसलं असं म्हणता येत नाही, ते नॉइजपासून वेगळं काढायला कमीत कमी दोन-तीन व्हॉक्सेल रुंदी लागते. म्हणजे तुमच्या इमेजमध्ये भरवशाने दिसतंय ते १२० ते १८० मायक्रॉनच्या वरचं. त्याच्या खालचं सगळं नुसता करडा गोळा दिसतो, त्याला आपण मॅट्रिक्स म्हणतो आणि थ्रेशोल्ड करताना घन म्हणून मोजून मोकळे होतो. तुमचे उरलेले ४० टक्के त्या करड्यात आहेत.

हा फरक किती असेल ते मातीवर अवलंबून आहे. जाड वाळू असेल तर बरीचशी पोकळी कणांच्या मधेच असते आणि मोठी असते, तिथे दोन आकडे बरेच जवळ येतात. चिकणमातीत ते कधीच जवळ येणार नाहीत, कितीही भारी मशीन आणलं तरी. म्हणून मला कोणी नुसतं 'सीटीने सच्छिद्रता ९ टक्के' असं सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, कितीच्या वरची? आणि दुसरा, स्कॅनच्या वेळी माती किती ओली होती? हे दोन सांगितले नाहीत तर त्या आकड्याचं पुढे काही करता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, मग ९ टक्के बरोबर आहेत की नाही हे तपासायचं कसं, तर बल्क डेन्सिटीशी तुलना करून नाही, पाण्याशी करून. रंध्राचा व्यास मायक्रॉनमध्ये आणि पाण्याच्या स्तंभाचा ताण सेंटीमीटरमध्ये घेतला तर व्यास म्हणजे अंदाजे ३००० भागिले ताण. १५० मायक्रॉनसाठी ताण येतो २० सेंटीमीटर. कोअर सावकाश खालून सॅच्युरेट करा, वजन घ्या, सँडबॉक्सवर, म्हणजे ओल्या बारीक वाळूतून कोअरमधलं पाणी ठरावीक ताणाने ओढणाऱ्या पेटीवर, २० सेंटीमीटर ताणाला ठेवा, वजन स्थिर झालं की परत घ्या. तुमच्या कोअरचं आकारमान ७८५ घनसेंटीमीटर आहे, त्यातून ७० ग्रॅमच्या आसपास पाणी गेलं तर ते ९ टक्केच झाले, म्हणजे तुमचं स्कॅनिंग चांगलं चाललंय. ताण कोअरच्या मध्यापासून मोजा, कारण १० सेंटीमीटर उंचीच्या कोअरमध्ये वरच्या टोकाला तो २५ असतो आणि खालच्या टोकाला १५, म्हणजे वर १२० मायक्रॉनपर्यंतची रंध्रं रिकामी होतायत आणि तळाला २०० पर्यंतचीच. उंच कोअरमध्ये हे विसरलं की तुलना बिघडते.

तंतोतंत जुळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, आणि तेही दोष म्हणून नाही. पाणी बाहेर येतं ते अरुंद तोंडातून, त्यामुळे आत मोठी पोकळी पण तोंड बारीक असेल तर सँडबॉक्सवर ती भरलेलीच राहते, सीटी मात्र तिचा खरा आकार बघतो. उलट सॅच्युरेट करताना हवा अडकून बसली तर ती पोकळी सुरुवातीपासूनच पाण्याच्या हिशोबात येत नाही. दोन्हीमुळे पाण्याचा आकडा सीटीपेक्षा कमी येतो. दोन-अडीच टक्क्यांनी वेगळं आलं तर मी त्यात डोकं घालत नाही, दुप्पट आलं तर मात्र स्कॅनकडे परत जातो.

ओलाव्याचं म्हणालो त्याचं कारण असं की एक्स-रेला हवा, पाणी आणि खनिज हे वेगवेगळ्या करड्या छटांचे दिसतात खरे, पण पाणी आणि कुजलेलं मूळ यांच्या छटा इतक्या जवळ असतात की नुसत्या इमेजवरून वेगळं करणं फार कठीण जातं. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे स्कॅनच्या आधी कोअर ठरावीक ताणाला आणून ठेवायचा. ६० सेंटीमीटर ताणाला ५० मायक्रॉनच्या वरची रंध्रं रिकामी होतात, तुमचा व्हॉक्सेल ६० चा, म्हणजे तुम्हाला दिसू शकणाऱ्या पोकळीत ढोबळमानाने पाणीच उरलं नाही. मग काळं ते हवा, बाकी सगळं मॅट्रिक्स, वाद मिटला. सगळे कोअर एकाच ताणाला हवेत हे वेगळं सांगायला नको. आणि फुगणारी-आकसणारी चिकणमाती असेल तर वाळवून स्कॅन करूच नका, वाळताना ज्या भेगा पडतात त्या तुमच्या मशागतीच्या किंवा पिकाच्या परिणामापेक्षा मोठ्या असतात आणि मग तुम्ही ओव्हनचा परिणाम मोजत बसता. हो, आणि कोअर काढल्यावर स्कॅनचा नंबर येईपर्यंत नीट गुंडाळून ४ अंशाला ठेवा, नाहीतर आत राहिलेलं गांडूळ आपलं काम चालूच ठेवतं.

आता ९ विरुद्ध १२. रंध्राची कड इमेजमध्ये रेघेसारखी नसते. कडेवरचा व्हॉक्सेल अर्धा हवेत अर्धा मातीत, म्हणून त्याची छटा मधलीच येते. पूर ओसरताना नदीचा काठ नेमका कुठला म्हणायचा, तसं हे आहे, थ्रेशोल्ड म्हणजे आपण ठरवलेला काठ. तो जरा सरकला की काय होतं बघा. ६ व्हॉक्सेल रुंदीचं रंध्र ७ व्हॉक्सेलचं झालं, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त अर्धा व्हॉक्सेल सरकला, तर त्याचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. तेच २० चं २१ झालं तर १० टक्क्यांनी. तुमच्या इमेजमधली बहुतेक रंध्रं या लहान गटातली असणार, त्यामुळे ९ चे १२ व्हायला फार मोठा मतभेद लागत नाही, दोघांनीही प्रामाणिकपणे काम केलं तरी होतं.

पण थ्रेशोल्डवर जायच्या आधी एक गोष्ट बघा, दोघांनी मोजायची जागा तीच निवडली होती का? कोअर काढताना सिलिंडर आणि माती यांच्यात फट पडते. १०० मिलीमीटर व्यासाच्या भोवती नुसती अर्ध्या मिलीमीटरची फट असेल तर ती एकूण क्षेत्रफळाच्या २ टक्के होते. एकाने ती वगळली आणि दुसऱ्याने नाही, तर तुमच्या तीनपैकी दोन टक्के तिथेच सापडले! मी कडेचे निदान ५ मिलीमीटर सरळ सोडून देतो, कारण फट नसली तरी कोअर ठोकताना तिथली माती दबलेली किंवा सुटलेली असतेच. वरचा-खालचा भागही तसाच.

आणि कडेचा दुसरा त्रास बीम हार्डनिंगचा. आपल्या ट्यूबमधून येणारे एक्स-रे एकाच ऊर्जेचे नसतात, कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जातात, त्यामुळे जाड भागातून जाताना उरलेले किरण जास्त भेदक होतात आणि इमेजमध्ये कोअरची कड उजळ, मधला भाग अंधुक दिसतो. एकच थ्रेशोल्ड लावला की मध्यभागी सच्छिद्रता उगाच जास्त येते. समोर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पातळ पट्टी लावली की हे बरंच कमी होतं, बाकीचं रीकन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे एक्स-रे फोटोंवरून त्रिमितीय इमेज तयार करताना, सुधारता येतं. तपासायला सोपं आहे, मध्यापासून कडेकडे सरासरी छटेचा ग्राफ काढा, तो आडवा यायला हवा. वाटीसारखा आला तर आधी ते सुधारा, थ्रेशोल्डच्या गप्पा नंतर. सिलिंडर प्लॅस्टिकचा किंवा पातळ ॲल्युमिनियमचा असावा, स्टीलचा अजिबात नको.

थ्रेशोल्ड निवडायला लोक डोळे मिटून ओत्सूची पद्धत लावतात. १९७९ ची ती पद्धत उत्तम आहे, पण ती दोन गट करते आणि दोन्ही गटांतला आतला फरक कमीत कमी राहील अशी रेघ काढते. तुमच्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कुठल्या छटेचे किती व्हॉक्सेल आहेत त्या आलेखात, मॅट्रिक्सचा प्रचंड ढीग आणि त्याच्या बाजूला हवेचा बारीकसा उंचवटा. अशा वेळी रेघ मोठ्या ढिगाकडे सरकते आणि मॅट्रिक्सचा थोडा भाग पोकळीत जातो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक सॅम्पलला ऑटोमॅटिक थ्रेशोल्ड वेगळा येतो, मग दोन प्लॉटमधला फरक मातीचा आहे की थ्रेशोल्डचा हे कोणालाच सांगता येत नाही.

मी काय करतो ते सांगतो, दुसऱ्या कोणाची पद्धत वेगळी असेल आणि तीही चालेल. प्रत्येक इमेजमध्ये दोन ओळखीच्या वस्तू असतातच, कोअरबाहेरची हवा आणि सिलिंडरची भिंत. या दोघांच्या छटा सगळ्या स्कॅनमध्ये सारख्या करून घ्यायच्या, मग मधल्या सगळ्या छटा आपोआप एका पट्टीवर येतात, आणि त्या पट्टीवर सगळ्या सॅम्पलना मिळून एकच थ्रेशोल्ड. इमेज-जे या इमेज-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधलं सॉइल-जे हे प्लगइन हे काम बऱ्यापैकी ऑटोमॅटिक करतं. थ्रेशोल्ड हवेचा शिखरबिंदू आणि मॅट्रिक्सचा शिखरबिंदू यांच्या मध्यावर ठेवून सुरुवात करतो, आणि मग थोडा खाली आणि थोडा वर सरकवून दोन्हीचे आकडे काढतो. निष्कर्ष दोन्ही टोकांना तोच राहिला तर मी निर्धास्त. तुमच्या बाबतीत '९ की १२' यापेक्षा 'नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या प्लॉटमधला फरक दोन्ही थ्रेशोल्डला टिकतो का' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

शंका अजून राहत असेल तर त्याच सिलिंडरमध्ये काचेचे मणी किंवा बारीक माती भरून मध्ये माहितीच्या आतल्या व्यासाच्या दोन-तीन नळ्या उभ्या ठेवा, त्याच सेटिंगवर स्कॅन करा आणि कुठल्या थ्रेशोल्डला नळीचा व्यास बरोबर येतो ते बघा. अर्धा दिवस जातो पण नंतरचे वाद वाचतात. मशीन लर्निंगवाली सेगमेंटेशन टूल्स, म्हणजे इमेजचे भाग आपोआप वेगळे पाडणारी, आता सगळीकडे आहेत, मुळं वेगळी काढायला खरंच उपयोगी आहेत, पण शिकवताना कड कुठे आहे हे तुम्हीच दाखवता, तेव्हा थ्रेशोल्डचा प्रश्न त्यात फक्त लपतो, सुटत नाही. आणि फिल्टर जपून. प्रत्येक व्हॉक्सेलला शेजाऱ्यांची मधली छटा देणारा मेडियन फिल्टर एकदा चालवला की नॉइज जातो, तीनदा चालवला की लहान रंध्रंही जातात आणि ९ चे ७ होतात. ज्याने थ्रेशोल्ड करायचाय त्याला कुठलं सॅम्पल कुठल्या प्लॉटचं आहे ते सांगू नका, एवढं पथ्य पाळाच.

इथवरचं थोडक्यात: ४९ म्हणजे सगळी पोकळी, ९ म्हणजे साधारण १५० मायक्रॉनच्या वरची, पडताळा घ्यायचा तर २० सेंटीमीटर ताणाला गेलेल्या पाण्याशी, आणि ९ ते १२ हा तुमच्या पद्धतीचा आजचा अनिश्चितपणा आहे, तो आधी कडेची फट मग बीम हार्डनिंग मग थ्रेशोल्ड या क्रमाने कमी होईल.

मग एवढं करून सीटी कशाला, सँडबॉक्स स्वस्त आहे, असं कोणी म्हणेल, आणि नुसती सच्छिद्रता हवी असेल तर मी त्यांच्याच बाजूचा आहे. सीटीची खरी किंमत आकार आणि जोडणीत आहे. नळीतून वाहणारं पाणी व्यासाच्या चौथ्या घातात वाढतं, म्हणून २ मिलीमीटरचं एक रंध्र १ मिलीमीटरच्या सोळा रंध्रांएवढं पाणी नेतं, पण जागा मात्र चारांचीच घेतं. म्हणजे ९ टक्के पोकळीच्या दोन मातींमधून पाणी किती वेगवेगळं जाईल याची कल्पना करा, त्यात एकीत ती पोकळी वरून खालपर्यंत जोडलेली आणि दुसरीत मधेच तुटलेली असेल तर बोलायलाच नको. बल्क डेन्सिटीला हे दिसत नाही, सीटीला दिसतं. त्यामुळे स्कॅन झालेच आहेत तर प्रत्येक रंध्राची स्थानिक जाडी, म्हणजे त्या जागी आत मावेल अशा सगळ्यात मोठ्या गोळ्याचा व्यास, काढा, सर्वात मोठा जोडलेला समूह एकूण पोकळीच्या किती टक्के आहे ते काढा, तो वरच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत पोचतो का ते बघा. इमेज-जे च्याच बोन-जे प्लगइनमध्ये यातलं बरंचसं होतं, ते हाडांसाठी केलेलं आहे पण मातीला चालतं. फक्त जोडणीचा आकडाही रिझोल्यूशनवर अवलंबून असतो, ८० मायक्रॉनची मान इमेजमध्ये तुटलेली दिसू शकते, प्रत्यक्षात पाणी तिथून जात असतं.

कोअर लहान करून रिझोल्यूशन वाढवावं का? ५ सेंटीमीटरला ३० मायक्रॉन मिळतील, १ सेंटीमीटरच्या ढेकळाला ५-६. पण १ सेंटीमीटरच्या ढेकळात गांडुळाचं बीळ कुठून येणार, आणि एखादं आलंच तर तेच अर्धं सॅम्पल खाऊन टाकणार. तुमचा प्रश्न पाणी मुरण्याचा असेल तर मोठा कोअर आणि ६० मायक्रॉन बरोबर आहेत. सेंद्रिय कर्ब कुठे लपतो, सूक्ष्मजीवांना हवा मिळते का, असा प्रश्न असेल तर मोठा कोअर स्कॅन करून झाल्यावर त्यातूनच लहान तुकडा काढून परत स्कॅन करा. डेटा साठवायची सोय आधी बघा, प्रत्येक बाजूला २००० व्हॉक्सेलचा एक स्कॅन १६ बिटमध्ये १६ जीबीचा होतो आणि दोन फिल्टर मारून सेव्ह केला की अर्धशतकाकडे जातो.

राहिला हॉस्पिटलचा सीटी. ही कल्पना नवी नाही, पहिला सीटी स्कॅनर बनवणाऱ्या हाउन्सफील्ड यांचा स्कॅनर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आला, १९७९ मध्ये त्यांना आणि त्यामागचं गणित मांडणाऱ्या कॉरमॅक यांना नोबेल मिळालं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मातीवाल्यांनी त्यात कोअर घालून बल्क डेन्सिटी आणि ओलावा मोजायला सुरुवात केली होती. पण तिथे व्हॉक्सेल अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास, त्यामुळे १ मिलीमीटरच्या वरचं काय ते दिसेल, बिळं, मोठ्या मुळांच्या वाटा, भेगा. तुमचे ९ टक्के तिथे आणखी कमी झाले असते. फायदा वेगाचा, काही सेकंदात स्कॅन होतो, त्यामुळे पाणी मुरत असताना ते बघायचं असेल तर तुम्ही वापरला तशा बारीक व्हॉक्सेलच्या मायक्रो-सीटीपेक्षा तो बरा, आणि लांब कोअरही मावतो.

मात्र त्यावर एक वेगळी युक्ती चालते, जी तुमच्या ४९ च्या जवळ नेऊ शकते. तिथल्या मापात हवा उणे १००० आणि पाणी ०. तोच कोअर, तीच जागा, एकदा कोरडा आणि एकदा पूर्ण सॅच्युरेटेड स्कॅन करा. एखाद्या ठिकाणी कोरड्याचा आकडा ६५० आणि ओल्याचा ११३० आला, तर फरक ४८०, भागिले १०००, म्हणजे तिथली सच्छिद्रता ४८ टक्के. रंध्र दिसायची गरजच नाही, त्यात पाणी भरलं एवढं पुरे, थ्रेशोल्डची भानगडही नाही. अट एवढीच की ओलं झाल्यावर माती हलली नाही पाहिजे, त्यामुळे फुगणाऱ्या चिकणमातीला हे नाही चालत, आणि हवा अडकली तर तेवढी सच्छिद्रता कमी दिसते. ऑपरेटरला मऊ कर्नेलने, म्हणजे इमेज बनवताना वापरायच्या सौम्य फिल्टरने, रीकन्स्ट्रक्शन करायला सांगा, हाडांसाठीचा तीक्ष्ण कर्नेल कडा ठळक करतो आणि त्या नादात आकडे बिघडवतो.

परत स्कॅन करायची गरज मला तरी दिसत नाही. कोअर अजून तसेच ठेवले असतील, ओव्हनमध्ये गेले नसतील, तर आता त्यांनाच सॅच्युरेट करून सँडबॉक्सवर लावा आणि सगळ्यात शेवटी ओव्हनमध्ये टाकून बल्क डेन्सिटी त्याच कोअरची काढा, शेजारच्या कोअरची नको, कारण हातभर अंतरावरही माती वेगळी निघते. पुढच्या वेळी क्रम आधीपासून असाच ठेवा, सॅच्युरेशन, सँडबॉक्स, ठरावीक ताणाला स्कॅन, मग ओव्हन. त्या दुसऱ्याची १२ टक्केवाली फाईल उघडून त्याने मोजायचं वर्तुळ कुठे काढलंय ते मात्र आजच बघून घ्या.